राम राघोबा राणे यांना परमवीर चक्र नेमकं कशासाठी मिळालं? ते तर इंजिनियर होते ना?

हो, सेकंड लेफ्टनंट राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचे (सॅपर म्हणजे रस्ते बांधणारा, सुरुंग काढणारा सैनिक). आणि परमवीर चक्र मिळालं तेही सॅपरच्याच कामासाठी, म्हणजे रस्ता मोकळा करण्यासाठी.

हा रस्ता जम्मू भागातल्या नौशेराहून राजौरीला जाणारा. पाकिस्तानशी काश्मीरचं युद्ध चालू होतं. मार्च १९४८ मध्ये जवळचं झांगर हे ठाणं परत घेतल्यावर सैन्याला राजौरी गाठायची घाई होती, कारण तिथे अडकलेल्या लोकांची कत्तल चालू होती. रणगाडे होते, पण डोंगरातली वाट सुरुंगांनी पेरलेली, जागोजागी झाडं पाडून अडवलेली आणि वरच्या टेकड्यांवर मशिनगनी. रस्ता झाल्याशिवाय रणगाड्यांचा काही उपयोग नव्हता.

८ एप्रिलला ४ डोग्रा पलटणीने बारवाली टेकडी घेतली. पुढचे सुरुंग काढायला राणेंची तुकडी लागली तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणेही होते. मलमपट्टी करून ते पुन्हा कामाला लागले.

पुढची गोष्ट मला कितीही वेळा वाचली तरी हलवून सोडते. गोळीबारात उघड्यावर सुरुंग काढता येईनात, म्हणून राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. वर रणगाडा, खाली सरपटत जाणारा माणूस. चालकाला आवाज ऐकू येणं शक्य नाही, त्यामुळे थांब आणि चल हे इशारे दोरी ओढून. सुरुंग दिसला की रणगाडा थांबवायचा, सुरुंग निकामी करायचा, मग रणगाडा हातभर पुढे घ्यायचा. चालकाचा अंदाज जरा चुकला तर पट्ट्याखाली जाणार ते राणेच.

१० तारखेला पाइनची पाच मोठी झाडं आडवी पडलेली, भोवती सुरुंग, वरून मशिनगन. तो अडथळा त्यांनी दोन तासांत काढला. ११ ला रणगाडे चिंगसला पोहोचले (तिथे मुघल काळातली सराई आहे) आणि १२ ला राजौरी हाती आली. शौर्य म्हटलं की आपल्याला एखादा क्षण आठवतो. इथे ते सलग चार दिवसांचं हातकाम होतं, आणि म्हणूनच मला ते फार मोठं वाटतं.

हुद्दा पाहून अनेकांना ते नुकतेच भरती झालेले पोरगे वाटतात. तसं नाही. कारवारजवळच्या चेंडियात १९१८ मध्ये जन्मलेले राणे १९४० मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले होते. ब्रह्मदेशात माघार घेताना बुथिडाँगला मागे राहून लष्करी साहित्य उद्ध्वस्त करायचं काम त्यांच्याकडे आलं. परतीची जहाजं मिळाली नाहीत, तेव्हा जपानी गस्त असलेली नदी ओलांडून त्यांनी आपली माणसं सुखरूप आणली. अधिकारी झाले ते डिसेंबर १९४७ मध्ये, राजौरीच्या मोहिमेआधी जेमतेम चार महिने. रणगाड्याखाली जायचा निर्णय अशा मुरलेल्या सैनिकाचा होता, म्हणून त्याला मी आततायीपणा म्हणणार नाही.

हयातीत परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. पुढे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. २०२३ मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक बेट राणेंच्या नावाचं आहे.