पॅरालीगल की आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ : बारावीनंतर बहिणीने काय निवडावे?

तुम्ही विचारले आहे की, बारावी विज्ञान झालेल्या तुमच्या बहिणीला बडोद्यातील एका खासगी संस्थेने एकाच माहितीपत्रकात दोन एकवर्षीय डिप्लोमे देऊ केले आहेत, एक पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाला कागदपत्रांच्या कामात मदत करणाऱ्याचा, आणि दुसरा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा, म्हणजे रुग्णवाहिकेवर जाणाऱ्या तंत्रज्ञाचा. त्यांपैकी कोणता घ्यावा, आणि रुग्णवाहिकेचे काम मुलीला झेपेल का. मी एका खासगी रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर सहा वर्षे काढली आणि कमरेने दगा दिल्यावर गेली नऊ वर्षे एका वकिलांच्या कचेरीत मोटार अपघात दाव्यांच्या फायली सांभाळतो आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

हे दोन विषय एका पत्रकात शेजारी बसतात ते अमेरिकेच्या धर्तीवर. तिकडच्या कम्युनिटी कॉलेजांत दोन्ही शिक्षणे थोड्या काळात नोकरीला लावणारी म्हणून चालतात; पॅरालीगल अभ्यासक्रमांना अमेरिकन बार असोसिएशन ही तिथली वकिलांची संघटना मान्यता देते, आणि रुग्णवाहिकेवर जाणाऱ्यांसाठी देशपातळीवरची प्रमाणन परीक्षा असते. आपल्याकडे दोन्ही व्यवसायांची कायदेशीर स्थिती अगदी वेगळी आहे, आणि हे त्या पत्रकात लिहिलेले नसणार.

भारतात 1961 च्या अधिवक्ता कायद्यानुसार वकिली करण्याचा अधिकार फक्त सनदधारक वकिलाला आहे. पॅरालीगलची नोंदणी करणारी परिषद नाही, त्यामुळे डिप्लोमा मिळाल्याने कोणताही नवा अधिकार मिळत नाही. मिळते ती तोंडओळख. ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, परंतु तेवढ्यासाठी मोठी फी भरू नये, कारण असाच डिप्लोमा इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने घरबसल्या करण्यासारखा आखलेला आहे. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे 'पॅरालीगल व्हॉलंटियर' ही आणखी तिसरीच गोष्ट आहे. ती योजना 2009 सालची. निवड झालेल्यांना प्रशिक्षण प्राधिकरणच देते आणि कामाच्या दिवसांचे मानधन मिळते, पगार नव्हे. संस्थेचा माणूस 'सरकारी पॅरालीगल' असे काही म्हणू लागला, तर त्याला नेमके कोणते पद ते विचारा.

वकिलांच्या कचेरीत माणूस ठेवताना डिप्लोम्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टी पाहिल्या जातात. बडोद्याच्या जिल्हा न्यायालयाचे काम गुजरातीत चालते; दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढलेल्या मुलीला गुजराती बोलता येतेच, पण पंचनाम्यावरचे पोलिसी हस्ताक्षर वाचता येते का, हा खरा प्रश्न असतो. एक उदाहरण देतो. अपघातात दगावलेल्या माणसाच्या वारसांची भरपाई काढताना त्याच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात 2009 मध्ये ठरवून दिलेल्या तक्त्यात वय 15 ते 25 साठी 18 आणि 26 ते 30 साठी 17 असा गुणक आहे. एका फायलीत शवविच्छेदन अहवालावर अंदाजाने 'वय 26' लिहिलेले होते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे मुलगा पंचविशीही पूर्ण न झालेला होता. तो दाखला गावातून मागवून घेण्यात माझे तीन आठवडे गेले. पण त्यावर त्याच्या आईच्या पदरात पडणारी एका वर्षाची रक्कम अवलंबून होती. हे काम कचेरीतच शिकता येते, आणि ज्याला ते आवडते त्याने खरे तर एलएलबी करावे, बारावीनंतर पाच वर्षांचे किंवा पदवीनंतर तीन वर्षांचे.

दुसऱ्या डिप्लोम्याबाबत मला अधिक सावध करायचे आहे. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोग कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांसह अनेक व्यवसायांना नोंदणीच्या कक्षेत आणले. त्यात संलग्न, म्हणजे डॉक्टर-परिचारिकांच्या जोडीने काम करणाऱ्या, व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान 2000 तासांचे शिक्षण अपेक्षित आहे. एक वर्षाचा डिप्लोमा या व्याख्येत बसत नाही. संस्थेने कितीही चकचकीत चित्रे दाखवली तरी त्याने हा हिशेब बदलत नाही. गुजरातेत ऑगस्ट 2007 पासून चालणारी 108 सेवा भरती केलेल्यांना स्वतःचे प्रशिक्षण देते, हेही लक्षात ठेवावे. बहिणीला खरोखरच या वाटेने जायचे असेल, तर दोन वर्षांहून कमी काही घेऊ नये, किंवा सरळ नर्सिंगची पदवी घ्यावी, जिच्यावर रुग्णालय आणि रुग्णवाहिका ही दोन्ही दारे उघडी राहतात.

वर्गात शिकवण्यासारखे पुष्कळ असते. हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवरचे दाब मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, हे पुतळ्यावर हाताला वळण लागेपर्यंत घोकावेच लागते. मात्र महामार्गावरच्या गोल्डन चोकडी चौकाजवळ उलटलेल्या टेम्पोपाशी उभे राहिल्यावर कागद हातात धरायला सवड नसते. आम्ही पँटच्या मांडीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा लांब तुकडा डकवून ठेवत असू आणि पोहोचल्याची वेळ, नाडी, रक्तदाब, सलाईन लावल्याची वेळ हे सगळे त्यावर पेनाने खरडत असू. रुग्णालयात रुग्ण ताब्यात दिल्यावर तीच पट्टी सोलून नोंदपत्रकावर उतरवायची. हे मला एका जुन्या पायलटने शिकवले (रुग्णवाहिकेच्या चालकाला पायलट म्हणतात). त्या वेळी ती कटकट वाटे. पुढे कचेरीत आल्यावर, फिर्याद दोन दिवस उशिरा नोंदलेल्या एका दाव्यात विमा कंपनीचा वकील अपघाताच्या जागेविषयीच शंका घेत होता, तेव्हा रुग्णवाहिकेच्या नोंदपत्रकावरील वेळ आणि ठिकाण आमच्या उपयोगी पडले.

म्हणून फी भरण्याआधी संस्थेकडून लेखी उत्तर घ्या : किती तास प्रत्यक्ष रुग्णालयात, कोणत्या विभागात, किती रात्रपाळ्या, आणि त्या रुग्णालयाशी झालेल्या कराराची प्रत दाखवाल का. प्रयोगशाळेची चित्रे पाहू नका. शक्य झाल्यास बहिणीने एक संध्याकाळ सयाजी रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेरच्या बाकावर बसून काढावी. रक्त पाहून भोवळ येते की नाही हे तिला फुकटात कळेल.

आता झेपण्याविषयी. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तंत्रज्ञांत मुली होत्या, आणि गाडीतच बाळंतपण करण्याची वेळ आली की घरचे लोक त्यांनाच आत बोलावत. अडचण येते ती तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या जिन्याने, नव्वद किलोचा माणूस खाली आणताना, आणि ती पुरुषालाही तेवढीच येते. कंबर ताठ ठेवून गुडघ्यांत वाकायचे, दोघांनी एकाच आकड्यावर उचलायचे, आणि माणसे कमी असतील तर खालच्या वाण्याला हाक मारायला लाजायचे नाही. रावपुऱ्यातल्या एका जिन्यात मी लाजलो होतो.