मिशनरी कुटुंबांच्या मुलांबरोबर समुद्रकाठी एक आठवडा: स्वयंसेवक म्हणून जावे का?

आपण लिहिले आहे की, आशियातील निरनिराळ्या देशांत काम करणाऱ्या मिशनरी कुटुंबांचे वार्षिक संमेलन थायलंडमधील एका बीच रिसॉर्टवर भरणार असून तेथे मुलांना सांभाळण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. असे काम पूर्वी कधी केलेले नसताना जावे का, आणि गेल्यास प्रत्यक्षात काय करावे लागते, असे आपण विचारले आहे. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबल वर्ग, घेते आणि हुआ हिन येथे भरलेल्या अशा दोन संमेलनांत लहान मुलांच्या गटाबरोबर काम केले आहे. तेवढ्या अनुभवावरून लिहिते.

हुआ हिन हे बँकॉकच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर, थायलंडच्या आखाताच्या काठी वसलेले गाव आहे. रिसॉर्टचे नाव ऐकून आमच्या मंडळीतील काही जणांना वाटले की मिशनरी मंडळी चैन करायला जमतात. वस्तुस्थिती अशी की थायलंडला आशियातील बहुतेक शहरांतून विमाने जातात, चारपाचशे माणसांना एकत्र राहता-जेवता येईल अशा जागा तेथे परवडणाऱ्या दरात मिळतात, आणि जी कुटुंबे अशा देशांत राहतात की जेथे मोठ्याने गीत म्हटले तरी शेजारी कान टवकारतात, त्यांना वर्षातून एकदा निर्धास्तपणे उपासनेला बसता येते. आईवडील सकाळ-संध्याकाळ सभागृहात असतात, समुपदेशकांना भेटतात, पुष्कळदा रडून मोकळे होतात. हे सगळे मुलांच्या देखत व्हायला नको, म्हणून स्वयंसेवक हवे असतात. सभागृहातील आईची मान दाराकडे वळता कामा नये, एवढेच आपले काम.

माझ्या गटात सहा ते आठ वर्षांची १४ मुले होती आणि आम्ही तिघे मोठे होतो. साडेआठला मुले यायची, बारा वाजता परत जायची आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास असायची. समुद्र बहुतेक वेळ मला काचेतूनच दिसला. गोष्ट, गाणी, चित्रे, खेळ हे सगळे आपल्या सुट्टीतील बायबल शाळेसारखेच असते. फरक पडतो तो इतर गोष्टींत. प्रत्येक मुलाच्या मनगटावर रंगीत पट्टी असे आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांची पट्टी लाल असे, कारण थाई स्वयंपाकात दाण्याचा कूट कोठे असेल याचा नेम नाही. आमच्या नगरकडच्या जेवणातही तो नेमाने असतो, पण घरी मी कधी याचा विचार केला नव्हता.

सुरक्षिततेचे नियम प्रारंभी मला अतिरेकी वाटले. कोणत्याही मुलाबरोबर एकटे राहायचे नाही, स्वच्छतागृहाकडे नेतानाही दुसरे मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात हवे. मुलाला घेऊन जाणाऱ्याने सकाळी दिलेला बिल्ला परत दाखवल्याखेरीज मूल सोडायचे नाही, मग समोर साक्षात त्याचे वडील का असेनात. तिसऱ्या दिवशी एक वडील घाईत मागच्या दाराने मुलीला घेऊन गेले आणि आम्ही पुढची अकरा मिनिटे तिला तरणतलावाच्या तळाशी शोधत होतो. ती खोलीत बसून आंबा खात होती. त्या अकरा मिनिटांनंतर मला कोणताही नियम अतिरेकी वाटला नाही. पाण्याजवळ तर एक स्वयंसेवक फक्त मोजणीसाठी उभा करावा. त्याने खेळायचे नाही, बोलायचे नाही, मोबाइल पाहायचा नाही. बुडणारे मूल हाका मारत नाही, ते गुपचूप पाण्याखाली जाते. आखातात जेलीफिश असतात, त्यामुळे किनाऱ्यावर जाताना पिशवीत व्हिनेगरची बाटली ठेवावी. डंख बसल्यास ती जागा चोळायची नाही, तिच्यावर गोडे पाणी ओतायचे नाही, व्हिनेगर ओतायचे आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

आता मुलांविषयी. पहिल्या दिवशी सहा वर्षांचा एक मुलगा दप्तर पाठीवरून न उतरवता माझ्यासमोर उभा राहिला आणि नाव वगैरे काही न विचारता म्हणाला, “तू किती दिवस आहेस?” मी सांगितले की शनिवारी सकाळच्या नाश्त्यापर्यंत. त्याने बोटांवर दिवस मोजले, मान हलवली आणि दप्तर खाली ठेवले. पंधरा वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता, कारण आमच्या शाळेतील मुलांना बाई उद्याही असणार हे ठाऊक असते. या मुलांच्या आयुष्यात मात्र माणसे सतत येतात आणि जातात. स्वतःही ती दर दोन-तीन वर्षांनी कोणालातरी सोडून निघालेली असतात.

अशा मुलांना ‘थर्ड कल्चर किड्स’, म्हणजे तिसऱ्या संस्कृतीतील मुले, म्हणतात. ही संज्ञा रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंची असून १९५० च्या दशकात त्यांनी भारतात राहणाऱ्या अमेरिकन लोकांचा जो अभ्यास केला, त्यातून ती निघाली. आईवडिलांच्या देशाची संस्कृती पहिली, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या मध्ये, स्वतःसारख्याच इतर मुलांबरोबर, ती जी जगतात ती तिसरी. आम्हा नगरकरांना हे नवीन वाटू नये. अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचले. त्या घरांतील मुलांना लहान वयातच शिक्षणासाठी आईवडिलांपासून दूर, अमेरिकेला पाठवण्याची रीत होती. पुढे मसुरीची वुडस्टॉक ही निवासी शाळा (१८५४) आणि कोडाईकनालची शाळा (१९०१) यांच्यामुळे निदान ती याच देशात राहू लागली. नगरला दीर्घकाळ काम केलेले मिशनरी रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १८४७ मध्ये मुंबईत एका मिशनरी घरातच जन्मले होते. अमेरिकेत शिकून ते १८७४ मध्ये परत आले. मायदेशी परतले, असे लिहिणार होते, पण त्यांचा मायदेश कोणता म्हणावा, हा प्रश्न त्यांनाही पडला असेल.

त्यामुळे या मुलांना “तू कुठला?” असे विचारू नये. मी विचारले आणि एका मुलीने अत्यंत सभ्यपणे मला उलट विचारले, “पासपोर्ट कुठला, की खोली कुठली?” त्यापेक्षा “तुमच्या घराजवळ खायला काय चांगले मिळते?” असे विचारावे, त्यावर अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. खेळांची चिंता नको. मी ‘शिवाजी म्हणतो’ शिकवला. पाच देशांत वाढलेली १४ मुले दोन मिनिटांत तो खेळू लागली आणि शेवटच्या दिवशी तरणतलावाच्या काठी कोणीतरी “शिवाजी म्हणतो, उडी मारू नका!” असे मराठीत ओरडत होते. नारळाच्या करवंट्यांची लगोरीही उत्तम होते, फक्त चेंडू मऊ घ्यावा.

माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण नवे स्वयंसेवक हमखास तीच करतात. पहिल्या वर्षी आठ वर्षांच्या एका मुलीशी माझी चांगली गट्टी जमली आणि निरोप घेताना मी तिला पत्र पाठवण्याचे वचन दिले. घरी आल्यावर संयोजकांना पत्ता मागितला, तेव्हा त्यांनी सौम्यपणे नकार दिला: कुटुंबांचे पत्ते दिले जात नाहीत आणि स्वयंसेवकांनी मुलांशी परस्पर संपर्क ठेवायचा नसतो. दोन्ही नियम माझ्या सहीच्या कागदावर छापलेले होते. मी ते वाचले होते आणि विसरले होते. त्या मुलीने किती दिवस वाट पाहिली असेल, हे मला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी मी शनिवारच्या पलीकडचे काहीही बोलले नाही. कोणी “पुढच्या वर्षी येशील?” असे विचारले, तर “माहीत नाही” असेच सांगितले, आणि मुलांनी ते माझ्या अपेक्षेपेक्षा सहज स्वीकारले. आठवडाभरात कोणाचे मन जिंकण्याच्या फंदात पडू नये. त्यांना एकमेकांचा सहवास हवा असतो. वर्षभरात प्रथमच त्यांना अशी मुले भेटलेली असतात की ज्यांना काहीच समजावून सांगावे लागत नाही. किशोरवयीन मुलांच्या गटात तर कार्यक्रम निम्मा रद्द करून त्यांना नुसते वाळूत बसू दिले तरी चालते.

खर्चाचे सांगायचे तर विमानाचे भाडे माझे मीच भरले, राहणे-जेवणाचा अर्धा भाग संयोजकांनी उचलला. मंडळीच्या पाळकांचे (पास्टरांचे) शिफारसपत्र, दोन ओळखीच्या व्यक्तींचे अभिप्राय आणि पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलिसांचा दाखला द्यावा लागला. दाखल्यासाठी वेळ हाताशी ठेवावा. थायलंडमध्ये विनामोबदला कामालाही परवाना लागू शकतो, तेव्हा आपण कोणत्या व्हिसावर येणार हे संयोजकांकडून लेखी घ्यावे. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, आपल्या फोटोच्या मागेही ती दिसता कामा नयेत, आणि कोणते कुटुंब कोणत्या देशात राहते हे परत आल्यावर मंडळीच्या प्रार्थनासभेतसुद्धा बोलायचे नाही. एखाद्या कुटुंबाचा व्हिसा किंवा स्थानिक ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. ज्यांना प्रवासाचे फोटो टाकल्यावाचून राहवत नाही, त्यांनी कृपया जाऊ नये. मिशनरी कार्याविषयी आपल्याकडे जो वाद चालतो, त्यात मी येथे शिरत नाही; आईवडिलांचा पेशा मुलांनी निवडलेला नसतो.

आपल्याला मुलांची सवय असेल, उन्हात दिवसभर उभे राहण्याची तयारी असेल आणि कोणी आभार मानले नाहीत तरी वाईट वाटणार नसेल, तर जावे. होकार कळवण्यापूर्वी संयोजकांना एवढे विचारावे: एका गटात किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत, पाण्याजवळ प्रशिक्षित जीवरक्षक कोण आहे, आणि काही अनुचित दिसल्यास स्वयंसेवकाने ते कोणाला सांगायचे. यांपैकी एकाही प्रश्नाला “तेथे आल्यावर ठरवू” असे उत्तर आले, तर यंदाचे तिकीट काढू नये.