वाचकांचे प्रश्न : प्रवासी घटले की आधी माणसेच का कमी होतात?

विमान कंपन्यांतील नोकरकपातीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. उत्तरे देणाऱ्याने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एका विमान कंपनीच्या भूसेवा विभागात एकोणीस वर्षे काढलेली आहेत, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे. उत्तरांत कुठे पक्षपात दिसलाच तर तो पाळीवर काम करणाऱ्या माणसांच्या बाजूचा समजावा.

प्रश्न : माझा मुलगा नागपूर विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे सहा वर्षे होता. जून २०२० मध्ये त्याला ‘सध्या काम नाही, बोलावू तेव्हा या’ असे तोंडी सांगण्यात आले. दीड वर्षाने बोलावणे आले ते दुसऱ्याच कंत्राटदाराकडून आणि कमी पगारावर. आता पुन्हा फेऱ्या कमी होणार अशी कुजबुज आहे. पगार हा विमान कंपनीचा सर्वांत मोठा खर्च नसतो असे वाचनात आले. मग दर वेळी कात्री माणसांवरच का चालते, आणि या वेळी आम्ही काय करावे? (एक वाचक, जयताळा)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. विमान कंपनीच्या खर्चात पहिला मान इंधनाचा असतो. भारतात एकूण खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक एकट्या इंधनावर जातो, कारण विमानाचे इंधन अजून जीएसटीत आलेले नाही आणि प्रत्येक राज्य त्यावर आपापला मूल्यवर्धित कर लावते. शिवाय विमानांचे भाडे असते. आपल्याकडची बहुतेक विमाने कंपन्यांच्या मालकीची नसून भाडेपट्ट्याने घेतलेली असतात आणि ते भाडे डॉलरमध्ये चुकवावे लागते, त्यामुळे प्रवासी घटलेले असतानाच रुपयाही घसरला तर दुहेरी मार बसतो. यांपैकी एकही गोष्ट कंपनीच्या हातात नसते. हातात असते ते रोस्टर, म्हणजे कुणी कोणत्या पाळीला यायचे याचा तक्ता.

नागपूर-मुंबई अशी एक फेरी डोळ्यांसमोर आणा. विमान एकशे ऐंशी आसनांचे आहे आणि आत नव्वदच माणसे बसली आहेत. खर्च निम्मा होतो का? वजन कमी म्हणून थोडे इंधन वाचेल, तेवढेच. विमान उतरवण्याचे शुल्क विमानाच्या वजनावर ठरते, प्रवाशांच्या संख्येवर नाही. वैमानिक दोन लागतातच. केबिन क्रू दर पन्नास आसनांमागे एक या हिशेबाने चार लागतात, कारण नियम आसने मोजतो, बसलेली माणसे मोजत नाही. भाड्याचा हप्ता तर विमान नुसते उभे राहिले तरी चुकत नाही. तेव्हा अर्धे रिकामे विमान उडवण्यापेक्षा फेरीच रद्द करणे कंपनीला परवडते, आणि फेरी रद्द झाली की तिच्यासाठी नेमलेली माणसे दुसऱ्या दिवशी कागदावर ‘जादा’ ठरतात.

जादा ठरण्याचाही एक क्रम असतो. तो कुठे लिहिलेला नसतो, पण मी तो तीनदा पाहिला आहे. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग सुटलेल्या जागा भरल्या जात नाहीत, मग शिकाऊ उमेदवारांना निरोप मिळतो, आणि त्याच सुमारास कंत्राटदाराला एक फोन जातो : उद्यापासून पाळीला बारा लोडर नकोत, आठच पाठवा. हा फोन कपातीच्या कोणत्याही आकड्यात येत नाही. २० जुलै २०२० रोजी इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी करत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना आणली. या दोन्हींच्या बातम्या झाल्या. आपला मुलगा त्याच्या महिनाभर आधीच घरी बसला होता आणि त्याची कुठे नोंदही झाली नाही.

त्या वर्षीचा खड्डा लहान नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने बंदच होती आणि २५ मेला ती सुरू झाली तीही एक तृतीयांश क्षमतेने. २०१९ मध्ये सुमारे १४ कोटी ४२ लाख प्रवाशांनी देशांतर्गत विमानप्रवास केला होता; २०२० मध्ये हा आकडा ६ कोटी ३० लाखांवर आला. अशा वर्षी एकही नोकरी जाऊ नये असे म्हणणे सोपे आहे, निभावणे अवघड आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या पगारावर कात्री चालते त्यातून वाचते किती, हे कुणी धडपणे मोजत नाही.

एकशे ऐंशी आसनांच्या विमानाच्या पोटात ताठ उभे राहता येत नाही. एक जण बाहेर बेल्ट लोडरवर बॅगा चढवतो, दुसरा दारातून त्या आत ओढून मागे सरकवतो आणि तिसरा गुडघ्यांवर बसून त्या जाळीपर्यंत रचत नेतो. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना आतल्या माणसाचा सदरा पाच मिनिटांत पिळून काढावा असा होतो. आतल्या दोघांपैकी एकाला कमी केले की एक पगार वाचतो खरा; पण उरलेला माणूस दारापासून जाळीपर्यंत रांगत येरझारा घालतो, विमान उशिरा निघते, आणि जमिनीवर उभे असलेले विमान एक पैसाही कमावत नाही. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीने हे गणित उलट बाजूने मांडून पाहिले. १९७२ मध्ये पैशांच्या चणचणीमुळे तिला चारपैकी एक विमान विकावे लागले, तेव्हा उरलेल्या तीन विमानांवर चारांचे वेळापत्रक चालावे म्हणून तिने उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा निघेल अशी शिस्त बसवली. ती बसली ती जमिनीवरच्या माणसांच्या जोरावर. पुढे पन्नासहून अधिक वर्षे या कंपनीने मोठी नोकरकपात केली नाही. पहिली केली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि तीही मुख्यतः कार्यालयातील पदांची.

आता आपल्या मुलाविषयी. पहिली गोष्ट म्हणजे तोंडी सुटी स्वीकारू नये; लेखी मागावी, आणि मिळाली नाही तर त्याच दिवशी आपणच पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. सलग वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. म्हणजे सहा वर्षांच्या नोकरीला साधारण तीन महिन्यांचा पगार झाला, जो २०२० मध्ये आपल्या घरी यायला हवा होता. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेने भर घातली ती एवढीच, की मालकाने कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी आणखी पंधरा दिवसांचा पगार निधीत जमा करावा. शेवटी लागलेल्याला आधी कमी करावे आणि पुन्हा भरती करताना कमी केलेल्यांना प्राधान्य द्यावे, ही तत्त्वेही दोन्हीकडे आहेत. कंत्राटदार बदलून त्याच माणसाला त्याच कामावर नव्याने लावले की सेवेची वर्षे पुन्हा एकपासून मोजता येतात, ही या धंद्यातील जुनी युक्ती आहे. तिच्यावर उतारा कागदाचाच : दोन्ही नेमणूकपत्रे, हजेरीच्या नोंदी, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक आणि विमानतळ प्रवेशपत्रांच्या मुदतीचा तपशील. प्रवेशपत्र नोकरी सुटताच परत घेतात, म्हणून त्याचा क्रमांक आणि तारखा आजच वहीत उतरवून ठेवाव्यात. आणि एक लक्षात घ्यावे, की हवाई वाहतुकीतील असे वाद केंद्राच्या अखत्यारीत येतात. राज्याच्या कामगार कार्यालयात हेलपाटे घालण्याऐवजी केंद्रीय श्रम आयुक्तांच्या नागपूर कार्यालयात जावे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ काम देणाऱ्यावर येते, हेही तिथे लेखी अर्जात नमूद करावे.

प्रश्न : नागपूर-मुंबई विमान कंपनीने आदल्या रात्री रद्द केले. निरोपात ‘परिचालनाच्या कारणास्तव’ एवढेच होते. विमानतळावर कळले की तिकिटे खपली नव्हती. भरपाई मिळते का? (एक वाचक, इतवारी)

उत्तर : रद्द फेरीबद्दल दुसरे विमान की पूर्ण परतावा, ही निवड प्रवाशाची आहे, कंपनीने परस्पर क्रेडिट देऊन बोळवण केली तर ते नाकारता येते. नियमाप्रमाणे आगाऊ कळवले नसेल तर त्याशिवाय भरपाईही मिळते. ती एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. नैसर्गिक आपत्ती, संप, सरकारी आदेश अशी कंपनीच्या आवाक्याबाहेरची कारणे असतील तर ही भरपाई देय नसते, पण ‘प्रवासी कमी होते’ हे कारण त्यात बसत नाही. म्हणून तर निरोपात असला गोल शब्द घातला जातो. कारण लेखी विचारावे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर केंद्र सरकारच्या एअरसेवा या विमानप्रवाशांसाठीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. निरोप नेमका किती वाजता आला, याचे छायाचित्र मोबाइलमध्ये जपून ठेवावे.

प्रश्न : खर्च वाचवण्यासाठी माणसे कमी करणाऱ्या कंपनीच्या विमानात बसणे सुरक्षित आहे का? (एक वाचिका, धंतोली)

उत्तर : होय. दोन वैमानिक, आसनांच्या प्रमाणात केबिन क्रू, देखभालीनंतर परवानाधारक अभियंत्याची सही, या गोष्टींवर हिशेबनिसाची पेन्सिल चालत नाही. संख्या अपुरी असेल तर विमान निघतच नाही. कपात दिसते ती काउंटरवरच्या रांगेत, न उचललेल्या फोनमध्ये आणि पट्ट्यावर उशिरा येणाऱ्या बॅगेत.

आपली शंका मात्र अगदीच निराधार नाही. माणसे इतकी नेमकी मोजून ठेवायची की एकही हात जादा राहू नये, या सवयीला मंदीत काटकसर म्हणतात. तेजीत तिचे काय होते ते दोनदा पाहायला मिळाले. महामारीत काढलेली माणसे वेळेत परत न आल्यामुळे २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले आणि लंडनच्या हीथ्रोला दिवसाला एक लाखाहून अधिक प्रवासी न पाठवण्याची मर्यादा घालून घ्यावी लागली. आपल्याकडे वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे हे नियम अचानक आलेले नव्हते. तरीही इंडिगोकडे त्या हिशेबाने वैमानिक पुरले नाहीत आणि ५ डिसेंबरला एका दिवसात तिच्या एक हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. वैमानिक म्हणजे हंगामी मजूर नव्हे, की नाक्यावर गेले आणि घेऊन आले. नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झाली नसतील तर जुन्याजाणत्या वैमानिकालाही आधी ती पूर्ण केल्याशिवाय प्रवासी नेता येत नाहीत.

प्रश्न : नागपूर देशाच्या मध्यावर आहे आणि विमानतळालगतचा मिहान हा मालवाहतूक व उद्योग प्रकल्पही आहे. मंदीची झळ आपल्याला कमी बसेल ना? (एक वाचक, वर्धा मार्ग)

उत्तर : मध्यावर असण्याचा खरा फायदा डाकेच्या काळात होता. ३० जानेवारी १९४९ पासून १९७३ पर्यंत रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली टपालाची विमाने सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या गावी परतत. आजचा प्रवासी दिल्लीहून चेन्नईला थेट जातो, त्याला नागपुरात उतरण्याचे कारण नाही. मंदीत कंपन्या मुंबई-दिल्लीच्या वेळा सोडत नाहीत. आपल्यासारख्या शहराची दिवसातली तिसरी-चौथी फेरी आधी जाते.

मिहानमधील देखभाल केंद्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. बोइंगने उभारून दिलेले हे केंद्र एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही कंपनी चालवते, आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तरी ही कंपनी सरकारकडेच राहिली. विमानाच्या काही तपासण्या उड्डाणाच्या तासांवर ठरतात, त्या मंदीत लांबतात. काही दिनदर्शिकेवर ठरतात, त्या विमान उडो वा न उडो, कराव्याच लागतात. उभ्या विमानालाही इंजिनांची तोंडे झाकणे, चाके फिरवत ठेवणे अशी निगा लागते. त्यामुळे तिथला रोजगार तिकीट काउंटरइतका लवकर आटत नाही.

प्रश्न : मुलगी बारावी झाली असून केबिन क्रूच्या पदविकेसाठी एक खाजगी संस्था दीड लाख रुपये मागते. संस्था ‘नोकरीची हमी’ देते. भरावेत का? (एक आई, मानेवाडा)

उत्तर : ताई, भरू नयेत. केबिन क्रूला उड्डाणासाठी जे सुरक्षा प्रशिक्षण लागते ते निवड झाल्यावर विमान कंपनीच देते. बाहेरची पदविका हा परवाना नव्हे आणि तिच्यावाचून निवड अडतही नाही. हमी देणाऱ्या संस्थेला एवढेच विचारावे, की २०२० मध्ये तुमच्याकडून उत्तीर्ण झालेल्यांचे काय झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने शेकडो केबिन क्रूंना एका फटक्यात काढले, त्यांत बहुतेक नव्याने लागलेली मुले-मुली होती. गदारोळ झाल्यावर दोन दिवसांत त्यांना परत घेतले गेले. पण १७ एप्रिल २०१९ रोजी तीच कंपनी बंद पडली तेव्हा कर्मचाऱ्यांचे काही महिन्यांचे पगार थकलेले होते. मुलीला आवड असेल तर पदवीला प्रवेश घेऊन ठेवावा आणि कंपन्यांच्या थेट मुलाखती द्याव्यात. निवड झाली तर नेमणूकपत्रातील बंधपत्राचे कलम सही करण्यापूर्वी वाचावे. मुलीने नोकरी सोडली तर किती रक्कम भरायची ते त्यात ठळक लिहिलेले असते, कंपनीने तिला कमी केले तर ती रक्कम माफ होते की नाही, हे मात्र विचारून लिहून घ्यावे लागते.