घोळणा फुटला, दवाखान्यात कधी न्यावं?

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची. ऊन तापलं की घोळणा फुटतो. सासूबाई मान मागे करून कांदा हुंगवतात. दवाखान्यात कधी न्यावं?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : कांदा राहू द्या. मान मागे केली की रक्त घशात उतरतं, मग लेकरू ओकतं. मांडीवर बसवून किंचित पुढं वाकवा, नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग चिमटीत सलग 10 मिनिटं धरा. मधेच सोडून बघितलं की गुठळी निघते. बहुतेक घरी इथंच चुकतं. थांबलं नाही तर आणखी 10 मिनिटं. तरीही वाहतंय किंवा डोक्याला मार लागलाय, तर 108 बोलवा. सोबत ताप, अंगावर निळे-लाल डाग, हिरड्यांतून रक्त असेल तर त्याच दिवशी दाखवा. 2 वर्षांखालच्या बाळाला एकदा फुटला तरी तपासणी हवीच. एकाच नाकपुडीतून घाण वास येतो? हरभऱ्याचा दाणा अडकला असेल. घरी कोरू नका.