जिप्सम पार्टिशनचे उरलेले काळे स्क्रू पुस्तकांची फळी आणि सागवानी बाक करायला चालतील का?

तुम्ही लिहिलंय की पार्टिशनच्या कामातले बरेच काळे स्क्रू उरलेत आणि तेच वापरून त्याच पार्टिशनवर पुस्तकांची फळी आणि बाल्कनीसाठी सागवानी बाक करायचा विचार आहे. कृपा करून दोन्ही ठिकाणी ते वापरू नका.

काळा स्क्रू बनतो तो जिप्समचा बोर्ड पातळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या) पट्टीला धरून ठेवण्यासाठी. टोक पत्र्यात शिरावं म्हणून त्याचं पोलाद कडक केलेलं असतं, आणि इतकं कडक पोलाद वाकण्याआधी मोडतं. खात्री करायची असेल तर डोळ्यांवर चष्मा लावा, एक स्क्रू व्हाइसमध्ये पकडा आणि पकडीने वाकवून बघा. जरा कललाय असं वाटेपर्यंत टक्कन तुटतो. लाकडासाठी मिळणारा साधा स्क्रू वाकतो, पण धरून राहतो. हा फरक महत्त्वाचा, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आवळतं आणि दर वेळी स्क्रूला आडवा ताण देतं. काळा स्क्रू अशा ताणाने डोक्याच्या खाली तुटला की वरून काहीच दिसत नाही. शिवाय त्याच्यावर फक्त फॉस्फेटचा पातळ थर असतो. उघड्या बाल्कनीत तो गंजणारच.

आता फळी. बोर्डाच्या भरवशावर पुस्तकं कधीच ठेवू नका, कारण आतलं जिप्सम ठिसूळ असतं आणि वजनाने भोक मोठं होत जातं. ब्रॅकेटच्या मागे प्लाय हवा. आत आधीच घातला असेल तर उत्तम, नाहीतर तेवढा भाग उघडून घाला. 12.5 मिमीचा बोर्ड आणि मागे 18 मिमी प्लाय असेल तर 8 नंबरचा (साधारण सव्वाचार मिमी जाडीचा) 35 मिमी लांब स्क्रू पुरतो. इथे पूर्ण आट्यांचा, म्हणजे टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेला चालतो, कारण लोखंडी ब्रॅकेट वरून दाबूनच बसतं. डोकं मात्र खालून सपाट असलेलं घ्या, म्हणजे पॅन हेड.

बाकाचा हिशोब वेगळा. लाकडावर लाकूड आवळायचं असेल तर डोक्याखालचा भाग गुळगुळीत, बिनआट्यांचा हवा. पूर्ण आट्यांचा स्क्रू दोन्ही तुकड्यांना एकदमच धरतो आणि मधे राहिलेली फट तशीच राहते, कितीही पिळला तरी. लांबी वरच्या तुकड्याच्या साधारण तिप्पट धरा: 18 मिमीच्या पट्टीला 50 मिमी. 8 नंबरच्या स्क्रूसाठी सागवानात आधी 3 मिमीचं भोक पाडा. टोकाजवळ तर पाडाच, तिथे सागवान रेषेत चिरतं. आट्यांना थोडं मेण लावलं की स्क्रू न किरकिरता आत जातो.

धातू स्टेनलेसच घ्या. साध्या लोखंडाचा ओल्या सागवानाशी संबंध आला की भोकाभोवती काळा डाग पडतो आणि तो पॉलिशनेही जात नाही. पुणे, नाशिककडे 304 ग्रेडचं स्टेनलेस ठीक आहे. मुंबईत समुद्राजवळ किंवा कोकणात राहत असाल तर 316 ग्रेडचा स्क्रू मागा; त्यातल्या मॉलिब्डेनममुळे तो खाऱ्या हवेत जास्त टिकतो. महाग पडतो, पण एका बाकाला स्क्रू लागतात किती?

मशीनने पिळणार असाल तर डोक्यावरची फुली नीट बघा. मुख्य फुलीच्या मधे बारीक रेघांची दुसरी फुली असेल तर मशीनला पीझेड 2 (पोझिड्राइव्ह) बिट लागतो, नसेल तर पीएच 2 (फिलिप्स). चुकीचा बिट लावला की स्क्रू अर्धा आत गेल्यावर डोकं गोल होतं, आणि स्टेनलेस मऊ असल्यामुळे फार लवकर होतं. मग तो पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.