इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंट या वळणदार रांगेतली घरं समोरून तंतोतंत सारखी, मग मागून इतकी वेगवेगळी का?

कारण दर्शनी भाग एकाच माणसाने ठरवला आणि मागचं घर ज्याचं त्याने बांधलं. मी बाथमध्ये दोन वर्षं राहिले आणि हाच प्रश्न मलाही पडला होता.

धाकटा जॉन वुड या वास्तुकाराने आखलेल्या या ३० घरांचं काम १७६७ ते १७७४ या काळात झालं. घरं एकमेकांना चिकटून, आपण रो हाऊस म्हणतो तशी, पण कमानीसारख्या वळणावर. घर घेणारा दर्शनी भागाचा ठरावीक लांबीचा तुकडा घ्यायचा. तेवढा भाग वुडच्या नकाशाबरहुकूम व्हायलाच हवा. त्यामागे किती खोल्या, जिना कुठे, छताची उंची किती, हे तो स्वतःचा वास्तुकार नेमून ठरवायचा.

समोर उभं राहिलं की एकेक घर सुटं दिसतच नाही. तळमजला मुद्दाम साधा ठेवलाय. त्याच्यावर दोन मजले उंचीचे आयोनिक खांब (माथ्याला गुंडाळीसारखी वळणं असलेले, ग्रीक शैलीतले), एकूण ११४, सलग पळत जातात आणि ३० बिऱ्हाडांचा एकच राजवाडा होतो. एकट्याला न परवडणारा थाट सगळ्यांनी मिळून उभा केला, ही कल्पना मला आजही थक्क करते.

आता मागच्या गल्लीत जा. तिथे मधाच्या रंगाचा गुळगुळीत घडीव दगड संपतो आणि ओबडधोबड डबराचं बांधकाम सुरू होतं. शेजारशेजारच्या खिडक्या एका ओळीत नाहीत. कुणाची भिंत पुढे आलेली, कुणाचं छप्पर वर गेलेलं. मी एका घराच्या खिडक्या मोजून आतले मजले ताडायचा प्रयत्न केला, तर पुढच्याशी मेळच बसेना. घरांमधल्या सामाईक भिंतींतून धुराडी वर जातात, तेवढ्यावरून एक घर कुठे संपतं ते कळतं.

आतली रचना मात्र त्या काळच्या रिवाजाची: पाहुण्यांचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, स्वयंपाकघर तळघरात, नोकरांच्या खोल्या अगदी वर कठड्याआड.

समोरच्या एकसारखेपणाला तिथे फार जपतात. १९७०च्या दशकात २२ नंबरच्या मालकीणबाईंनी दार पिवळं रंगवलं, तर पालिकेने नोटीस काढली. बाई लढल्या आणि जिंकल्या.

जाणार असाल तर १ नंबरचं घर जरूर बघा, ते आता संग्रहालय आहे. पण मागची गल्ली आधी.