फाइल कॉम्प्युटरमध्ये आहे हे माहीत आहे, पण सर्च केल्यावर सापडत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या केळी विम्याचे अर्ज डी ड्राइव्हमध्ये ठेवल्याचं पक्कं आठवतं, पण 'केळी' टाकून शोधलं की काहीच येत नाही, आणि आता दुकानदार फॉरमॅट मारायला सांगतोय. आधी हात जोडून विनंती: फॉरमॅट मारू नका. फाइल बहुतेक जागेवरच आहे.

विंडोजचं सर्च दर वेळी सगळी डिस्क चाळत नाही. त्याने आधी करून ठेवलेल्या यादीत, म्हणजे इंडेक्समध्ये, ते बघतं. तलाठ्याच्या दप्तरी नोंदच नसेल तर उतारा निघत नाही, शेत मात्र असतं तिथेच असतं, तसंच हे. आणि या यादीत सुरुवातीला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशी मोजकीच फोल्डर असतात. डी ड्राइव्ह आपण स्वतः घालावा लागतो. तो यादीत नसेल तर सर्च फक्त फाइलीचं नाव बघतं, आतला मजकूर नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत सर्च किंवा सर्चिंग विंडोज शोधा, आणि 'क्लासिक'च्या जागी 'एन्हान्स्ड' करा, म्हणजे डी ड्राइव्हसकट सगळा कॉम्प्युटर यादीत येतो. मग रात्रभर मशीन चालू ठेवा, यादी बनायला वेळ लागतो. लोडशेडिंगची वेळ टाळून लावा.

पण तुमचा शब्द 'केळी' आहे म्हणून मला दुसराच संशय येतोय. मागच्या उन्हाळ्यात चोपड्याला आप्पांकडे गेलो होतो. ते विकास सोसायटीत सचिव होते, जुने ठराव सगळे कृतीदेव फॉन्टमध्ये. आप्पा एकसारखे सांगत होते, "फाइल शे रे भाऊ, मी सोता टाइप करेल शे." आणि सर्च काही दाखवेना. मी एक ठराव उघडला, 'केळी' या शब्दावर माउस फिरवून तो निवडला आणि फॉन्ट बदलून एरियल केला. केळी गेली, चार इंग्रजी अक्षरं उरली: डी, एस, जी, एच. फाइलीत खरं तेच साठवलेलं असतं, कृतीदेव त्याला फक्त मराठी चेहरा देतो. आपण युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या आताच्या पद्धतीत, 'केळी' टाकतो, तो शब्द त्या फाइलीत कुठे नसतोच.

म्हणून कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि कृतीदेवमध्ये 'केळी' टाइप करताना जी बटणं दाबता तीच सर्चच्या चौकटीत दाबा. दिसायला अर्थहीन दिसेल, दिसू द्या. आप्पांचे ठराव असेच निघाले. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते तुमच्या वडिलांनाही मिळावं असं मनापासून वाटतं.

फाइलीचं नाव अर्धंमुर्धं आठवत असेल तर व्हॉइडटूल्सचं 'एव्हरीथिंग' हे मोफत सॉफ्टवेअर टाका. ते नावावरून क्षणात शोधतं, मजकुरातून शोधायला मात्र ते नको. अर्जासोबतचा सातबारा शोधायचा असेल तर नावात '७/१२' शोधत बसू नका, विंडोज नावात तिरकी रेघ घेतच नाही. ७-१२, सातबारा, ७१२, इंग्रजी आकडे, सगळं करून बघा. अर्ज मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपने आला असेल तर नाव बहुधा 'डॉक' आणि पुढे वर्ष-महिना-दिवस असं असतं, तेव्हा तारखेवरून शोधा. आणि कागद स्कॅन करून ठेवला असेल तर त्यात शब्द नाहीतच, तो फोटो आहे. तिथे फोल्डर उघडून डोळ्यांनीच बघावं लागेल.

पूर्वी सापडायचं आणि आता अचानक बंद झालं असेल, तर इंडेक्सिंग ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'रीबिल्ड' दाबा. त्याने यादी नव्याने बनते, फाइलींना धक्का लागत नाही. मात्र डी ड्राइव्ह उघडायलाच फार वेळ लागत असेल किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यातलं काहीच करू नका. आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या.

अर्ज कोणत्या फॉन्टमध्ये आहेत तेवढं कळवा, पुढचं सांगतो.